गफूर मिस्त्रींची भीती

गफूर मिस्त्रींचा हात गेला त्या दिवशी मी नदीवर पाणी प्यायला गेलो नव्हतो. मी ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेला होतो. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बायकोला सांगितलं नाही, बाप जाईपर्यंत बापाला सांगितलं नाही. विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते कधी पुरतं उच्चारलं नाही.

आर्णी-दिग्रसकडची जुनी माणसं मिस्त्रींची गोष्ट वेगळी सांगतात. सगळ्यांना सावध करत फिरणारा एक भित्रा मिस्त्री होता, आणि शेवटी त्यानंच चालू इंजिनात हात घातला, अशी ती गोष्ट. सांगणारा हसतो, ऐकणारे हसतात. त्या घोळक्यात उभा राहून मीही हसलो आहे. हात तर गेलाच. पण मिस्त्रींकडे त्याहून मोठी एकच चीज होती, सावध माणूस म्हणून असलेलं नाव. तेही गेलं, आणि ते मी घालवलं.

मिस्त्री दिग्रसचे. आधी तिथल्या एका कापसाच्या जिनात होते, मग सुटी कामं करू लागले. ऑइल इंजिनं, पिठाच्या गिरण्या, आणि आमच्या भागात ट्रॅक्टर आले तसे ट्रॅक्टर. उंच, हाडकुळे, दाढीला मेंदी. पूर्ण बाहीचा शर्ट त्यांच्या अंगावर मी कडाक्याच्या थंडीतही पाहिला नाही. कामाला लागण्याआधी पायजम्याच्या तळाला सुतळी बांधत, गळ्यातला ताईत काढून जवळच्या माणसाच्या हातात देत, "पाडू नको," असं दोनदा बजावत. मग मशीनभोवती एक फेरी मारत, हातभर लांबून, एखाद्या मारक्या बैलाभोवती मारावी तशी.

ते सगळ्यालाच भीत. कुत्र्याला, विजेला, विहिरीच्या काठाला. एसटीत ते पुढे बसत नसत आणि मागेही बसत नसत. उतारावर सायकलवरून उतरून चालत. चढावरही उतरत, पण ते दम लागतो म्हणून. लोक विचारत, "काहून हो मिस्त्री, जिनात काई पाह्यलं काय तुमी? कोनाचा हात गेल्ता काय?"

"भ्याले कारन लागते काय रे?" ते म्हणत. "तुले भूक लागते तं कारन इचारतो काय?"

मिस्त्रींचा एक दंडक होता. कोणतंही मशीन सुरू करायच्या आधी ते मोठ्यानं ओरडत, "हात दाखवा!" मग तिथं असलेल्या प्रत्येकानं दोन्ही हात डोक्यावर करायचे. मजूर, मालक, निंदायला आलेल्या बायाही. बाया विळे घेऊन हात वर करत आणि पदरात तोंड लपवून हसत. "मिस्त्री, पोलिसात होते काय तुमी?" असं एखादी म्हणे. मिस्त्री हसत नसत. सगळे हात दिसल्याशिवाय सुरू करू देत नसत. एकदा आमच्या शेती सोसायटीच्या चेअरमननी एका हातातला चहाचा कप सोडला नाही, तर मिस्त्री तो संपेपर्यंत थांबून राहिले.

मी त्यांना ओळखू लागलो ते एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला. आर्णीजवळ अरुणावतीच्या काठाला एक सामुदायिक शेती सोसायटी निघाली होती. तिनं एक लहानसा लाल ट्रॅक्टर घेतला आणि त्यावर ड्रायव्हर म्हणून मला ठेवलं. त्याच्या चार-पाच वर्षं आधी आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता. जुनी कामं सोडली होती, पण नवी हातात आली नव्हती. मी वस्तीतला पहिला ड्रायव्हर. सकाळी निघालो की म्हाताऱ्या बाया दारात येऊन बघत उभ्या राहत. सोसायटीत काहींना माझी नेमणूक पटली नव्हती. "मशीन एकदा मोडू द्या, मंग समजंल," असं माझ्यासमोरच बोलत. त्यामुळे इंजिनाचा आवाज जरा बदलला की मी ट्रॅक्टर थांबवून कान देई. रात्री झोपेतही तो आवाज मी ऐकत असे.

पहिल्याच पावसाळ्यानंतर एके दिवशी लिफ्ट उचलेना. ट्रॅक्टरच्या मागचे दोन हात तेलाच्या दाबावर वर-खाली होतात, त्यांना नांगर जोडतात. नांगर जमिनीत रुतलेला, इंजिन चालू, आणि ते दोन हात मेल्यासारखे. चेअरमन आबाजी येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे निम्मी सोसायटी. दिग्रसला माणूस धाडला. मिस्त्री दुपारच्या एसटीनं आले.

"यानं काय करून ठेवलं ते पाहा," आबाजी म्हणाले.

"पैले हात दाखवा," मिस्त्री म्हणाले.

फेरी झाली, ताईत माझ्या हाती आला. मिस्त्रींनी सगळ्यांना बांधापर्यंत मागे हटवलं, सीटजवळ वाकले आणि क्लच दाबून खालचा एक आखूड लिव्हर लावला. नांगर माती झाडत वर आला.

चूक माझी होती. तो लिव्हर मागच्या शाफ्टचा होता. पुस्तकात त्याला पीटीओ म्हणतात. पाण्याचा पंप किंवा कडबा कापायचं यंत्र त्या शाफ्टला जोडायचं, लिव्हर लावला की ते फिरतं. फिरत्या शाफ्टची मला धास्ती, म्हणून आदल्या दिवशी मी तो लिव्हर पाडून ठेवला होता. पण त्या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टला तेल देणारा पंपही त्याच लिव्हरवर चालायचा, हे मला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री माझ्या कानाशी आले. "एका लिव्हरवर दोघं जेवतात, बावा. एकाले उपाशी ठेवलं तं दुसराबी उपाशी. आन् एकाले वाढलं तं दुसराबी उठून बसते. हे दुसरं जास्त ध्यानात ठेव."

मग आबाजींकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "तेलाच्या जाळीत कचरा आल्ता. काढला. डायवरची काई चूक नाही."

एसटीच्या फाट्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. म्हणालो, "मिस्त्री, खोटं काहून बोलले?"

"खोटं कायचं? कचरा होता ना. तुह्या डोक्यात होता." मग ते रस्त्याच्या कडेला, खांबाच्या आड, एसटीची वाट पाहत उभे राहिले. माझी नोकरी त्या दिवशी त्यांनी वाचवली. त्यांना माझं नावही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पुढे "सुदाम" म्हणू लागले, आणि खूश असले की "डायवर".

दुसऱ्या वर्षी लिफ्ट उचलायची, पण टिकायची नाही. वर केलेला नांगर चहा पिईपर्यंत हळूहळू खाली बसे. मिस्त्रींनी झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि जिभेला लावलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे जवसाचं तेल आहे!"

कोठारावरचा माणूस पुढे आला. ट्रॅक्टरचं तेल कमी झालं होतं, दुकानात मिळालं नाही, म्हणून त्यानं बैलबंडीच्या आसाला लावायच्या डब्यातलं ओतलं होतं. "तेल ते तेल. बंडी चालते, तं हे काहून चालनार नाही?"

"भाजीच टाकाची राह्यली आता याच्यात," मिस्त्री म्हणाले. "फोडनी देऊन टाका."

जवस आत चिकट होऊन बसलं होतं. मिस्त्रींनी सगळं काढून धुतलं, नवं तेल भरलं, पण आतली झीज झाली ती झालीच. नवा भाग कुठून येणार? लिफ्ट त्यानंतर कायमची खाली बसू लागली. मिस्त्रींनी बाभळीचा एक ठोकळा तासून घेतला. वर केलेल्या अवजाराखाली तो लावल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. मी एकदा पडलेला पाना काढायला ठोकळ्याशिवाय नांगराखाली हात घातला. त्यांनी मागून येऊन माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी जमिनीवर बसलो. मी लग्न झालेला, एका मुलीचा बाप. चार माणसांसमोर. मला राग यायला हवा होता, पण मी वर पाहिलं तर मिस्त्रीच थरथरत होते. बिडी पेटवायला त्यांना काडी धरता येईना. ती मीच पेटवून दिली.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवलो. त्यांची बायको, चाची, परातीत भाकरी थापताना सांगत होती, "यायले स्टोव्हचीबी भीती हाय. मी स्टोव्ह पेटवते तं हे गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राह्यतेत. आवाज बसला की मंग येतेत, म्हणतेत, चहा झाला का?" त्यांचा मुलगा रशीद तेव्हा पाटी घेऊन शाळेत जाणारा. तो खो खो हसत होता. मिस्त्री मान खाली घालून जेवत होते. म्हणाले, "हसा. सगळे पुरे आहेत ना घरात? मंग हसा."

आता त्या दिवसाचं.

गव्हाला पाणी द्यायचं होतं. विहीर आटलेली. सोसायटीनं एक पंप आणला होता, तो लोखंडी चौकटीत बसवून ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर उचलायचा, नदीकाठी न्यायचा आणि मागच्या शाफ्टवर चालवायचा. शाफ्टच्या सांध्यात एक पिन असते, ती सारखी तुटत होती. मिस्त्रींना बोलावलं. ट्रॅक्टरची बॅटरी मेलेली होती, सकाळी बैलजोड्या लावून ओढत सुरू केलेला. बैल परत वावरात गेलेले.

"बंद कर," मिस्त्री म्हणाले.

"बंद केला तं मंग सांजलोक सुरू होत नाही, मिस्त्री. आबाजी बोंबलून राह्यले तिकडे. गहू वाळून राह्यला."

"बंद कर मनलं ना."

"फक्त लिव्हर पाडतो. शाफ्ट थांबते. मी इथंच बसतो, सीटवर. कोनाले हात लावू देत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. बारा गावच्या मिस्त्र्यांनी, मालकांनी सांगूनही त्यांनी चालू इंजिनाला कधी हात लावला नव्हता. माझं ऐकलं. का ऐकलं, मला माहीत नाही. कदाचित माझी भीती त्यांना दिसली असेल. भीती त्यांना लगेच दिसायची.

"हात दाखव," ते म्हणाले. मी दोन्ही हात वर केले. "असेच ठेव. मी मनंपर्यंत खाली करू नको."

ते मागे गेले, गुडघ्यावर बसले. मी मान वळवून पाहत होतो. लिव्हर पडलेला, म्हणजे लिफ्टचं तेलही थांबलेलं. आणि ती झिजलेली लिफ्ट. पंपाची चौकट हळूहळू खाली येताना मला दिसली. मिस्त्रींचा गुडघा तिच्या खाली होता. त्यांची नजर पिनेवर. मला वाटलं, आता हा लोखंडाचा बोजा त्यांच्या मांडीवर बसणार. मी ओरडलो नाही. चौकट वर घ्यायची, एवढं एकच डोक्यात. माझे हात खाली आले. मी क्लच दाबला, आखूड लिव्हर लावला, क्लच सोडला. ही तीन कामं आहेत, एक नव्हे. त्यातलं कुठलंही करताना मी थांबू शकलो असतो.

चौकट वर आली. आणि शाफ्ट फिरला.

ओरडणं मोठं नव्हतं. कोणी दचकल्यावर निघतो तसा आवाज. मी लिव्हर पाडला, इंजिनाचा गळा दाबला, खाली उडी मारली. मग जे पाहिलं ते लिहीत नाही. पण आणखी एक गोष्ट पाहिली ती लिहितो, कारण ती माझ्याशिवाय कोणी पाहिली नाही. चौकटीखाली, वाळूवर एक फळी टाकून त्यावर, बाभळीचा ठोकळा लावलेला होता. चौकट त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलीच नसती. ठोकळ्यावर टेकून थांबली असती. मी सीटवरून फक्त वरचा भाग पाहत होतो. मिस्त्रींनी आपली काळजी घेतलेली होती. माझ्यावर सोडलेली होती ती एवढीच, की हात वर ठेवायचे.

पाटावरून माणसं धावत आली. मी मिस्त्रींचा दंड माझ्या दुपट्ट्यानं आवळून बसलो होतो. आबाजी धापा टाकत म्हणाले, "कसं झालं? तू कुठं होता?"

मागे नदी वाहत होती. मी म्हणालो, "पानी प्याले गेल्तो."

एवढंच. पुढचं सगळं लोकांनीच बनवलं. इंजिन चालू होतं हे सगळ्यांनी दुरून ऐकलं होतं. लिव्हरपाशी कोणी नव्हतं हे मी सांगितलं. उरलं काय? गफूर मिस्त्रींनी एकट्यानं चालू इंजिनात हात घातला.

खरं बोललो असतो तर सोसायटीनं मला काढलं असतं, आणि मला काढताना माझ्या वस्तीला काय काय ऐकवलं असतं ते मला ठाऊक होतं. हे कारण खरं आहे. ते मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी "पानी प्याले गेल्तो" म्हणालो तेव्हा माझ्या मनात वस्ती नव्हती. फक्त भीती होती, आणि ती माझ्यापुरती होती.

यवतमाळच्या दवाखान्यात मनगटापासून हात काढला. मी भेटायला गेलो तेव्हा चाची बाहेर गेलेली होती. रशीद खाटेखाली झोपला होता. मिस्त्री छताकडे बघत होते.

"सुदाम, तू पानी प्याले गेल्ता मनते?"

"हो."

"मले दिसला नाही तू उतरताना."

मी वाकून रशीदच्या अंगावरची सरकलेली चादर नीट केली.

"मंग लिव्हर कोनं लावला?"

"आपोआप लागला असंल, मिस्त्री. झिजलाय तो."

त्यांनी छतावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. त्या लिव्हरला त्यांनी स्वतः ग्रीस दिलं होतं, खाच तपासली होती. तो झिजलेला नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मला वाटलं, आता ते बोलतील. मी खाटेची दांडी धरून उभा होतो.

"झिजला असंल," ते म्हणाले. "लेक कशी आहे तुही?"

दुसऱ्या दिवशी आबाजी आले तेव्हा मिस्त्री त्यांना म्हणाले, "चालू इंजिनात हात घातला, चूक माहीच." आबाजींनी ते सगळ्यांना सांगितलं. माझी नोकरी राहिली. मी पुढे मोठ्या ट्रॅक्टरवर गेलो, माझ्या हाताखाली माणसं आली.

त्यांना माहीत होतं की नाही, ही भीती मला आजही आहे. माहीत असेल तर त्यांनी मला दुसऱ्यांदा वाचवलं, आणि यावेळी किंमत स्वतःच्या नावाची दिली. माहीत नसेल तर आयुष्यभर सावध राहिलेला माणूस शेवटी आपण गाफील राहिलो असं समजून जगला. यातलं कुठलं खरं असावं अशी इच्छा करावी, हे मला ठरवता आलेलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चार-पाच वर्षांनी, दिग्रसला. सरकीची गाडी खाली करून मी एसटी स्टँडजवळ चहा पीत होतो. समोरच्या दुकानात कोणाचं तरी ऑइल इंजिन दुरुस्तीला आलं होतं. दोन तरुण मिस्त्री त्याच्यावर वाकलेले, लांब बाह्यांचे शर्ट घालून. मिस्त्री फुटपाथवर उभे होते, उजवा हात मनगटाशीच संपलेला. त्यांनी काहीतरी सांगितलं असावं, कारण एक पोरगा मान वर न करता म्हणाला, "चाचा, तुमी नका सांगू बावा. तुमचं ऐकलं तं आमचाबी जाईन." सगळे हसले. मिस्त्रीही हसले. ते हसणं मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसलेलं.

मग त्यांना मी दिसलो. त्यांनी रस्ता ओलांडला नाही, मधे बंड्या आणि सायकली होत्या. तिथूनच ओरडले, "डायवर! बरा आहे ना?" मी मान हलवली. ते आणखी काही म्हणाले, पण मधून एसटी गेली. एसटी गेल्यावर पाहिलं तर ते बाजाराच्या गल्लीकडे वळले होते, भिंतीला लागून, डाव्या हातात भाजीची पिशवी घेऊन, प्रत्येक सायकलीला थांबून वाट देत. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही.

मिस्त्री गेल्याचं मला मागाहून कळलं. चाचीही नाही आता. रशीद आहे. दिग्रसलाच मिस्त्री आहे, चांगला हात आहे म्हणतात. पण कामावर कोणी नवा माणूस आला की त्याला अजून रशीदच्या बापाची गोष्ट सांगतात, आणि रशीदला ती ऐकावी लागते.

दिग्रस इथून दोन तासांच्या अंतरावर आहे. रोज एसटी जाते. तुझ्या बापाची चूक नव्हती, माझी होती, हे रशीदला त्याच्या तोंडावर, त्या हसणाऱ्या माणसांसमोर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.